होळीचा ताप

आमच्या शिक्षकांच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी या वर्षी मला विषय नेमून दिला. फोनवर म्हणाले, "गुरुजी, कथा म्हणजे काय, तिचे घटक कोणते, हे मुलांना कळेल असं लिहून द्या. तुम्ही आयुष्यभर तेच शिकवलंत." मी हो म्हटलं. कोरा कागद घेऊन पात्र, प्रसंग, स्थळ, काळ, शेवट असे मथळे पाडले. पहिल्या मथळ्याखाली उदाहरण लिहायला गेलो आणि हात थांबला. मला एकच उदाहरण आठवत होतं. ती कथा मीच लिहिलेली आहे आणि कुठल्याही अंकात छापलेली नाही. ती एका सरकारी फायलीत 'जबाब' म्हणून लावलेली होती.

म्हणून संपादकांची माफी मागून लेखाऐवजी हे पाठवतो आहे. कथेचे घटक यातही येतील.

माझी पहिली नोकरी म्हसावदला, सपाटीवर. तिथली मुलं घरी अहिराणी बोलायची, मराठी फक्त शाळेत. परीक्षेत मुद्द्यांवरून गोष्ट लिहायचा प्रश्न असतो, त्याची तयारी मी करून घ्यायचो. एकदा फळ्यावर मुद्दे दिले: एक गाव, एकच विहीर, दोन भाऊ, भांडण, दुष्काळ, बोध. पाठीमागच्या बाकावरून एका गुजर शेतकऱ्याचा मुलगा उठून उभा राहिला. "गुरुजी, ईहीर कोना वावरमा शे ते पहिले सांगा. मंग सांगस कोन चुकना ते."

वर्ग हसला. मीही हसलो. पण स्थळाचं महत्त्व मला त्या मुलानं शिकवलं. विहीर कुणाच्या शेतात आहे यावर सगळी गोष्ट फिरते. पुढे मी प्रत्येक वर्गाला हे सांगत आलो: आधी जागा ठरवा, माणूस कुठे उभा आहे ते ठरवा, मग तो काय करतो ते आपोआप दिसेल.

नंतर माझी बदली सातपुड्यात झाली, काठी गावाच्याही पलीकडच्या डोंगरातल्या एका निवासी आश्रमशाळेत. तिथे तेच मुद्दे दिले, तर जमली नावाच्या मुलीनं लिहिलं: 'पंच बसले. मोहाची दारू आली. दोघे भाऊ प्याले. भांडण मिटले. पाणी नव्हते तरी चालले. बोध: पंचांना वेळेवर बोलवावे.' मी पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापक धुळ्याकडचे होते. वही बघून कपाळाला हात लावून म्हणाले, "गुरुजी, हाई पोर बोर्डना पेपरमा बी आसंच लिखीन तं?" म्हटलं, "लिहू द्या. भांडण तर मिटलं ना?"

जमली आठवीत होती. हाडकुळी आणि सावळी, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची, जे त्या मुली सहसा करत नाहीत. मी वर्गात गोष्ट सांगायला लागलो की ती मध्येच "हूँ" म्हणायची. मी दुसरं वाक्य बोललो की पुन्हा "हूँ". हळूहळू सगळा वर्ग म्हणायला लागला. पहिल्या आठवड्यात मला ती थट्टा वाटली. मी छडी आपटून म्हणालो, "गोष्ट चालू असताना तोंड बंद."

वर्ग बंद झाला. मीही चार वाक्यं बोलून अडखळलो. समोर नुसते डोळे होते. तास संपल्यावर जमली टेबलाजवळ आली. "गुरुजी, आमच्याकडे कुणी गोष्ट सांगितली तर हूँ म्हणतात. हूँ नाही म्हटलं तर गोष्ट झोपते."

"झोपते म्हणजे?"

"सांगणाऱ्याला कळतं, की आता कुणी ऐकत नाही. मग तो पुढे नाही सांगत. विडी पितो."

दुसऱ्या दिवसापासून मी हुंकारा सुरू ठेवला. मोठ्या मराठी शाळांतून शिकून आलेल्या मला त्या डोंगरात प्रथम कळलं, की गोष्टीला सांगणाऱ्याइतकाच ऐकणाराही लागतो. संपादकांना हवा होता तो घटक हाच. तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

आता त्या फाल्गुनाकडे येतो.

सातपुड्यात होळी म्हणजे सगळ्या वर्षाचा सण. दिवाळीला मुलं वसतिगृहात राहतील, होळीला राहणार नाहीत. सुट्टी लागायच्या आठ दिवस आधीपासून कुणाचं पोट दुखतं, कुणाची आजी मरते. एका मुलाची तर एकच आजी माझ्या हिशेबात तीनदा वारली होती. मला या सबबी ओळखता येतात याचा मला गर्व होता. मी त्यांना नावही ठेवलं होतं, 'होळीचा ताप'. वर्गात म्हणायचो, "हा ताप औषधानं जात नाही. होळीच्या दिवशी आपोआप उतरतो." मुलं खो खो हसायची.

त्या वर्षी मुलींची अधीक्षिका लग्नाला म्हणून गावी गेली होती आणि चार दिवस मुलींच्या वसतिगृहाचा चार्ज माझ्याकडे होता. शिवाय कथाकथन स्पर्धा जवळ आली होती. मी मुलांना तयार करत होतो. पहिल्या दिवशी जमलीची मैत्रीण गिंबी येऊन म्हणाली, "गुरुजी, जमलीला ताप आहे. उलटी झाली."

जमली तिच्या मागे उभी होती. अंगाभोवती चादर होती. मी लांबूनच म्हटलं, "काय गं, होळीचा ताप का?"

बाकीच्या मुली हसल्या. जमलीसुद्धा हसली. ते हसू मी विसरलेलो नाही. तिला खरंच ताप होता, आणि तरी माझ्या विनोदाला ती हसली. गुरुजी विनोद करतात तेव्हा हसायचं, हेही तिला शाळेनंच शिकवलं होतं.

"झोपून राहा. बरं वाटेल," मी म्हणालो. तिच्या कपाळाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी गिंबी पुन्हा आली. म्हणाली, ती पाणीसुद्धा ठेवत नाही. दवाखाना खाली, घाट उतरून दोन तासांच्या वाटेवर होता. शाळेची जीप नादुरुस्त होती. दोन मोठ्या मुलांना सांगून झोळी करता आली असती. त्या डोंगरात आजारी माणसाला तसंच नेतात. पण ती दोन मुलं माझ्या स्पर्धेत होती. "उद्या बघू," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिंबी धावत आली. "जमली दवाखान्यात गेली, गुरुजी. एकटी. म्हणाली, गुरुजी नेत नाहीत, मी हळूहळू जाते."

आम्ही निघालो तेव्हा फार उशीर झाला होता. मोहाची फुलं वेचायला गेलेल्या बायकांना ती सापडली होती. शाळेच्या खाली एक मोठा मोह आहे. तिथे वाट फुटते: एक वर चढून जमलीच्या पाड्याकडे जाते, दुसरी खाली दवाखान्याकडे. ती खालच्या वाटेवर होती, मोहापासून चांगलं अर्ध्या कोसावर, नाल्याच्या कडेला दगडाला टेकून बसलेली. कुणीही म्हटलं असतं, दमून बसली आहे. मांडीवर रिकामी बाटली होती. त्या काळी सरकारी दवाखान्यात पातळ औषध हवं असेल तर बाटली घरून न्यावी लागे. तिनं ती धुऊन, झाकण लावून, चादरीच्या टोकात गुंडाळून आणली होती.

बाटली मी उचलली आणि माझ्या पिशवीत टाकली. का उचलली, ते मला त्याच क्षणी माहीत होतं.

दुपारी मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. आता ते हयात नाहीत, म्हणून त्यांच्यावर काही ढकलत नाही. "गुरुजी, उद्या सायेब येथीन. ताप व्हता हाई तं दाखलामा येईनच. पन ताप येल पोर भाईर गयी कशी, हाई इचारतीन. पोर तं गयी. आते शाळा तं वाचाडा. तुमना हात चांगला शे. तुम्हीच लिखा."

मी लिहिलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट मी त्या दुपारी लिहिली.

काळ आधी बदलला. तीन दिवसांचा ताप मी त्याच सकाळचा केला. मग स्थळ. खालची वाट लिहिली नाही, 'मोहाच्या झाडाजवळ, जिथून तिच्या पाड्याची वाट फुटते' एवढंच लिहिलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, फक्त अर्धा कोस गाळला होता. बाटली काढून टाकली. मुलांना मी नेहमी सांगायचो, ज्या वस्तूचं पुढे काम नाही ती गोष्टीत आणू नका.

तरीही ते खरं वाटेना. मुलगी गेली का, हे कळत नव्हतं. पात्र काही करतं तेव्हा त्याला कारण लागतं, आणि कारण असं हवं की ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडेल. मला आठवलं, की गिंबीनं मागे कधीतरी सांगितलं होतं, या वर्षी जमलीचा बाप नवसानं होळीत नाचणार आहे. असा नवस घेतलेला माणूस होळीआधी कित्येक दिवस खाटेवर बसत नाही, अनवाणी राहतो, कुणाला शिवत नाही. मग होळीला अंगावर राखेची नक्षी काढून, डोक्याला मोरपिसांचा टोप आणि कमरेला वाळके भोपळे बांधून रात्रभर नाचतो.

मी लिहिलं: 'मयत विद्यार्थिनीस तिच्या वडिलांचा या वर्षीचा होळीनृत्य सोहळा पाहण्याची अत्यंत ओढ होती. त्या ओढीने तिने आपली प्रकृती लपवली व कोणासही न सांगता ती घराच्या दिशेने निघाली.'

हे वाक्य लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं, आणि मला बरं वाटलं. गोष्ट जुळली की लिहिणाऱ्याला जसं बरं वाटतं, तसंच. हे मला आज लिहायलाच हवं.

मग जमलीच्या खोलीतल्या अकरा मुलींना व्हरांड्यात बसवून तो जबाब मी वाचून दाखवला. त्यांच्या सह्या हव्या होत्या. माझं वाचन चांगलं होतं. एक वाक्य वाचलं, सवयीनं थांबलो. कुणी "हूँ" म्हटलं नाही. दुसरं वाचलं. कुणीच नाही. वर्गात मी साधा धडा वाचला तरी हुंकारा देणाऱ्या त्या मुली, खाली मान घालून फरशीकडे बघत होत्या. त्यांनी त्यांच्या रीतीनं मला सांगितलं होतं, की आता थांब.

मी थांबलो नाही. शेवटपर्यंत वाचलं.

गिंबी म्हणाली, "गुरुजी, तिचा बाप नाचणार हे मीच सांगितलं होतं तुम्हाला. पण ती तिकडे नव्हती गेली."

"तुला कळत नाही. सही कर."

"बाटली कुठे आहे?"

"सही कर, गिंबी."

तिनं केली. नावाखाली दोन टिंबं देऊन छान आडवी रेघ ओढली. तशी सही करायला मीच शिकवलं होतं.

संध्याकाळी जमलीचा बाप आला. वेस्ता त्याचं नाव. अनवाणी, दाढी वाढलेली, नवसातला. कुणाला शिवायचं नाही म्हणून बरोबर आलेले लोक त्याच्यापासून हातभर लांब चालत होते. तो सरळ आत गेला आणि मुलीला उचलून घेतलं. नवस तिथेच मोडला. मग दारात उभा राहून त्यानं मला मोडक्या मराठीत विचारलं, "गुरुजी, ती का निघाली?"

तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. मी जबाबातलं वाक्य त्याला साध्या शब्दांत सांगितलं. "तुझा नाच बघायचा होता तिला, दादा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मुलीच्या तोंडाकडे. मग निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. जबाब वाचून म्हणाले, "किती व्यवस्थित लिहिलंय. अगदी डोळ्यांसमोर उभं राहतं." प्रकरण मिटलं. बाटली मी धुऊन स्वयंपाकघरात ठेवली. स्वयंपाकीण बाई तिच्यात तेल ठेवायला लागली. त्या शाळेत मी पुढे सहा वर्षं होतो. रोज जेवायला बसलो की ती फळीवर समोर दिसायची.

निवृत्त होऊन मी प्रकाशा या गावी येऊन राहिलो. तापीचा काठ, देवळं, सकाळी फिरायला जाणारे माझ्यासारखे चार म्हातारे. दोन वर्षांपूर्वी देवळाच्या पायरीवर एका बाईनं मला हाक मारली. "गुरुजी!" मी ओळखलं नाही. तिनं समोर उभं राहून जमलीसारखं डोळ्यांत बघितलं, तेव्हा कळलं, गिंबी. आता ती त्यांच्याच पाड्यावर अंगणवाडी चालवते. नवऱ्याला घेऊन दर्शनाला आली होती.

इकडचं तिकडचं झालं. मग मीच विचारलं, "जमलीचा बाप आहे का?"

"आहे. डोळ्यांनी कमी दिसतं. त्या वर्षीपासून तो नाचला नाही, गुरुजी. होळीला घरातच बसतो. म्हणतो, मी नाचणार होतो म्हणून माझी पोरगी मेली."

मी पायरीवर बसलो.

"मी एकदा सांगायला गेले होते," ती म्हणाली. "तो म्हणाला, तू लहान होतीस, तुला काय माहीत. गुरुजींनी स्वतः सांगितलंय मला." मग नवऱ्याकडे बघून ती हसली. "तुमची गोष्ट फार पक्की होती, गुरुजी. कुणाला मोडताच येत नाही."

त्यानंतर मी आधी आश्रमशाळांच्या सरकारी कचेरीत गेलो. अर्ज लिहून नेला, की अमुक प्रकरणातला जबाब मी रचलेला होता, खरं असं असं आहे, नोंद दुरुस्त करावी. टेबलावरचा तरुण कारकून भला होता. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, दोन कपाटं उघडून बघितली. "इतकं जुनं रेकॉर्ड नष्ट होतं, गुरुजी. फाईलच नाही, तर दुरुस्ती कशात करू? आणि आता हे कशाला काढता? कुणाची तक्रार आहे का?" मी म्हटलं, तक्रार कुणाची नाही. तो म्हणाला, मग झालं तर.

कागद गेला होता. गोष्ट तेवढी राहिली होती, डोंगरात एका म्हाताऱ्याच्या घरात.

या वर्षी होळीच्या आधी मी गेलो. गिंबी मला पाड्यावर घेऊन गेली. वेस्तादादा अंगणात बसला होता. माझा आवाज ऐकून उठायला लागला. "गुरुजी आले. गुरुजींना खाट दे गं."

मी खाली जमिनीवरच बसलो. म्हटलं, "दादा, एक सांगायचं आहे."

"सांगा."

मी मराठीत सांगत होतो आणि गिंबी त्यांच्या बोलीत. मी सांगितलं, जमलीला ताप आला. तो म्हणाला, "हूँ." मी सांगितलं, मी हसलो, म्हणालो हा होळीचा ताप. "हूँ." दुसऱ्या दिवशी गिंबी आली, मी उद्या बघू म्हणालो. "हूँ." तिसऱ्या दिवशी ती एकटी निघाली. "हूँ." मोहाच्या झाडापाशी वाट फुटते, तिथून ती खाली गेली, दवाखान्याकडे. तिच्याजवळ औषधाची रिकामी बाटली होती. मी ती लपवली. ती तुझा नाच बघायला निघाली नव्हती, दादा. ते मी रचलं.

गिंबीनं शेवटचं वाक्य सांगितलं. हुंकारा आला नाही.

अंगणात कोंबड्या चरत होत्या. कुठेतरी वरच्या पाड्यावर कुणी ढोल वाजवून बघत होतं, एकच थाप, मग शांत, मग पुन्हा एक. मला वाटलं होतं, तो मारील. निदान शिव्या देईल. मी शिव्या ऐकायला गेलो होतो, हे खरं. दोन डोंगर चढताना मी मनाशी हेही धरलं होतं, की त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तू नाचणार होतास म्हणून ती मेली नाही, हे त्याला कळेल आणि त्याला हलकं वाटेल. हा शेवटही मीच आधी रचून नेला होता.

बऱ्याच वेळानं त्यानं गिंबीला काहीतरी विचारलं. तिनं मला सांगताना मान वळवली.

"ते विचारतात, म्हणजे ती माझ्याकडे येत नव्हती?"

मी म्हटलं, "नाही."

तो स्वतःच मराठीत बोलला. "इतकी वर्षं मी म्हणायचो, माझ्यामुळे मेली. पण माझ्याकडे येत होती, हे होतं." त्यानं जमिनीवर हात फिरवला, काही शोधत असल्यासारखा. "बाटली धुतली होती का तिनं?"

"हो. धुऊन झाकण लावलं होतं."

त्यानं मान हलवली. जमली तशीच होती, एवढंच त्यात होतं. मग तो समोर बघत राहिला, जिथे त्याला फारसं काही दिसत नसणार, आणि हळूच म्हणाला, "हूँ."

म्हणजे मी ऐकतो आहे. म्हणजे पुढे सांग.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो होतो. माझ्याजवळ पुढचं काही नव्हतं.